इम्युनोथेरपीचा डोस लांबवला तर चालतो का? स्तनाच्या प्रगत कर्करोगाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाचा कर्करोग इतरत्र पसरलाय आणि डॉक्टरांनी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुचवलंय, म्हटलं की घरात दोन प्रश्न लगेच उभे राहतात: केवढ्याला पडेल, आणि किती वेळा घ्यावं लागेल. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असल्यामुळे आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न शेवटी डोसमधल्या अंतरापाशीच येतात. खालची उत्तरं विषय समजून घेण्यासाठी आहेत. वेळापत्रक मात्र तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टनीच ठरवायचं.

१. इम्युनोथेरपी म्हणजे महागडी केमोच ना?

नाही. केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर थेट घाव घालते. म्हणून केस गळतात, तोंड येतं, रक्तपेशी कमी होतात. पेम्ब्रोलिझुमॅब कर्करोगाच्या पेशीला हातही लावत नाही. आपल्या टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींवर) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कर्करोगाच्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून तो दाबून धरतात. औषध पीडी-१ ला चिकटून बसतं, ब्रेक सुटतो आणि पुढचं काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. डोस लांबवण्याची चर्चा इथूनच सुरू होते. केमोत प्रत्येक डोस हा नवा घाव असतो. इथे ब्रेक सुटलेला राहिला की पुरे, आणि तो किती दिवस सुटलेला राहतो हेच तपासायचं आहे.

२. आईच्या रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’ आहे. तिला हे औषध चालेल का?

बहुधा नाही. स्तनाच्या प्रगत कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅबची मान्यता ट्रिपल निगेटिव्ह प्रकारासाठी आहे, म्हणजे ईआर, पीआर (संप्रेरकांना प्रतिसाद देणारी प्रथिनं) आणि हर-२ (पेशीची वाढ चालवणारं प्रथिन) तिन्ही निगेटिव्ह. त्यातही पीडी-एल१ चाचणीचा आकडा पुरेसा हवा (प्रश्न ३). एक अपवाद आहे: गाठीत ‘एमएसआय-हाय’ किंवा ‘टीएमबी-हाय’ हा जनुकीय दोष सापडला, तर कर्करोग कुठल्या अवयवाचा आहे यापलीकडे जाऊन हे औषध विचारात घेतलं जातं. स्तनात असं क्वचितच सापडतं.

३. सीपीएस १० पाहिजे म्हणतात. आमचा ४ आलाय. मग?

सीपीएस म्हणजे पीडी-एल१ दिसलेल्या पेशींची (गाठीच्या आणि आसपासच्या प्रतिकार-पेशींची मिळून) गाठीच्या दर १०० पेशींमागे मोजदाद. या औषधाची रुग्णांवर जी कीनोट-३५५ नावाची चाचणी झाली, तिच्यात ८४७ रुग्ण होते. सीपीएस १० किंवा जास्त असलेल्या गटात, केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २३ महिने होतं, नुसत्या केमोवर १६.१ महिने. त्याखालच्या गटात असा फायदा सिद्ध झाला नाही. म्हणून ४ आला तर कर्ज काढून हे औषध घेण्याला आधार नाही, हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. मात्र पीडी-एल१ ची चाचणी कुठल्या तुकड्यावर झाली ते विचारा. तीन वर्षांपूर्वीच्या स्तनाच्या बायॉप्सीचा आणि आज यकृतातून घेतलेल्या तुकड्याचा आकडा वेगळा येऊ शकतो. चाचणीचा संचही विचारा: सीपीएससाठी २२सी३ वापरतात. एसपी१४२ हा दुसरा संच वेगळ्या औषधासाठी होता आणि त्याचा आकडा इथे चालत नाही.

४. पुण्यात आईला दर तीन आठवड्यांनी देतात. लंडनजवळ राहणाऱ्या मावशीला तेच औषध सहा आठवड्यांनी. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी आणि ४०० मिलिग्रॅम दर सहा आठवड्यांनी, दोन्ही पद्धती मान्य आहेत. सहा आठवड्यांच्या पद्धतीला युरोपात २०१९ मध्ये आणि अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मान्यता मिळाली. ती मुख्यतः रक्तातल्या औषधाच्या पातळीच्या गणितावर दिली गेली. कोविडच्या दिवसांत रुग्णालयाच्या फेऱ्या कमी करायला ती फार उपयोगी पडली.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. सहा आठवड्यांच्या पद्धतीत फेऱ्या निम्म्या होतात, औषध तेवढंच लागतं. बिल निम्मं होत नाही. औषधाची मात्राच कमी व्हावी असं लांब अंतर, म्हणजे ४०० मिलिग्रॅम बारा आठवड्यांनी, हा मान्य उपचार नाही. तो तपासणीचा विषय आहे.

५. सहा चालतात, तर बारा का नाहीत? अडचण काय आहे?

कागदावर पाहिलं तर बारा चालावेत असं वाटायला कारणं भक्कम आहेत.

पेम्ब्रोलिझुमॅबचं अर्धायुष्य साधारण २२ दिवस आहे, म्हणजे तीन आठवड्यांनंतरही निम्मं औषध अंगात असतं. नियमित डोस चालू असतील तर ते साठत जातं आणि चार महिन्यांच्या सुमारास पातळी स्थिरावते. याच जातीच्या निवोलुमॅबच्या सुरुवातीच्या अभ्यासांत आणखी लक्षणीय गोष्ट दिसली: रक्तातलं औषध ओसरल्यावरही टी-पेशींवरचे बहुतेक पीडी-१ दोन महिन्यांहून जास्त काळ व्यापलेले होते.

शिवाय मूळ डोसच सढळ हाताने ठरला. २०१४ मध्ये अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी पहिली मान्यता मिळाली ती किलोमागे २ मिलिग्रॅमला. त्याआधी किलोमागे २ आणि १० यांची तुलना झाली होती आणि पाचपट औषध देऊनही परिणामात फरक पडला नव्हता. पुढे सोय म्हणून सर्वांना सरसकट २०० मिलिग्रॅम ठरवलं गेलं. हा आकडा १०० किलोच्या माणसाला किलोमागे २ पडतो. आपल्याकडची ४५ किलोची बाई घ्या: तिला वजनाप्रमाणे ९० मिलिग्रॅम पुरले असते, मिळतात २००.

नवी औषधं बाजारात येताना कंपनीला सिद्ध करायचं असतं की औषध चालतं. कमीत कमी कितीवर चालतं, हे शोधायला तिच्यावर फारसा दबाव नसतो. अमेरिकी औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ सुरू केला तो कर्करोगाच्या औषधांची मात्रा ठरवण्याची ही सवय बदलावी म्हणूनच.

मग अडतं कुठे? रक्तातल्या टी-पेशींवर ब्रेक सुटलेला असणं आणि यकृतातल्या किंवा मेंदूतल्या गाठीच्या आतही तो सुटलेला असणं, या दोन गोष्टी एक नाहीत. ज्यांची गाठ मोठी आहे, वजन झपाट्याने घटतंय, त्यांच्या शरीरातून औषध लवकर बाहेर पडतं. सगळ्यांची सरासरी ठीक आली तरी या गटाचं नुकसान होऊ शकतं. म्हणून गणित पुरेसं नाही, रुग्णांवर चाचणी लागते.

६. अशा चाचणीत नेमकं करतात काय?

आधी सगळ्यांना नेहमीच्या वेळापत्रकाने उपचार मिळतो, बहुधा सहा महिने. त्यानंतर ज्यांचा आजार आटोक्यात आहे त्यांनाच पुढे घेतात. चिठ्ठी टाकावी तसं संगणक ठरवतो की कोण जुन्याच अंतरावर राहील आणि कोणाचं अंतर वाढेल. मग स्कॅन, आयुष्य, दुष्परिणाम, खर्च, रोजचं जगणं यांची तुलना होते.

ब्रिटनमधली रिफाइन ही चाचणी मूत्रपिंडाच्या कर्करोगात आणि मेलानोमात अशी आखलेली आहे: पेम्ब्रोलिझुमॅब सहाऐवजी बारा आठवड्यांनी, निवोलुमॅब चारऐवजी आठ आठवड्यांनी. रिफाइन-लंग ही तिची फुप्फुसाच्या कर्करोगातली बहीण. तिच्यात ६, ९, १२, १५ आणि १८ आठवडे अशी पायरीपायरीने अंतरं ठेवली आहेत. ही आखणी मला विशेष पटते, कारण ‘लांबवलं तर चालतं का’ यापेक्षा ‘कुठवर लांबवलं तर चालतं’ हा प्रश्न रुग्णाच्या जास्त कामाचा आहे. फ्रान्समधल्या मोइओ चाचणीत सहा महिन्यांच्या उपचाराने गुण आलेल्या, वेगवेगळ्या कर्करोगांच्या रुग्णांमध्ये नेहमीचं वेळापत्रक विरुद्ध दर तीन महिन्यांनी एक डोस, अशी तुलना ठेवली गेली.

७. ‘नॉन-इन्फिरिऑरिटी’ म्हणजे काय? कमी औषधाने बरं कसं वाटेल?

अशा चाचण्यांत जास्त बरं वाटेल असा दावा नसतोच. ‘आधी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाईट नाही’ एवढंच सिद्ध करायचं असतं. ती मर्यादा किती ठेवायची, यावर खरी चर्चा होते, आणि चाचणीत उतरणाऱ्याने तिथेच प्रश्न विचारावा: ‘जुन्या पद्धतीपेक्षा किती कमी आलं तरी तुम्ही चालेल म्हणणार आहात?’

स्तनाच्या कर्करोगातच याची दोन बोधक उदाहरणं आहेत. हाडांत पसरलेल्या आजारासाठी झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडं जपणाऱ्या औषधाचं सलाइन पूर्वी दर चार आठवड्यांनी लावत. अमेरिकेत १,८२२ रुग्णांवर (त्यांत स्तनाशिवाय इतर कर्करोगांचेही रुग्ण होते) बारा आठवड्यांचं अंतर तपासलं. दोन वर्षांत हाड मोडणं किंवा हाडासाठी रेडिएशन, शस्त्रक्रिया लागणं यांचं प्रमाण चार आठवड्यांच्या गटात २९.५ टक्के होतं, बारा आठवड्यांच्या गटात २८.६ टक्के. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर कित्येक जणींच्या फेऱ्या वाचल्या.

दुसरं उदाहरण इतकं सरळ नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या हर-२ पॉझिटिव्ह आजारात ट्रास्टुझुमॅब हे हर-२ वरचं औषध वर्षभराऐवजी सहा महिने पुरतं का, हे दोन देशांनी तपासलं. ब्रिटनमधली चार हजारांवर रुग्णांची पर्सेफनी चाचणी म्हणाली, पुरतं. फ्रान्सच्या फेअर चाचणीत ते सिद्ध झालं नाही. आजही बहुतेक ठिकाणी वर्षभरच देतात. एकच प्रश्न, एकच औषध, तरी दोन निकाल. म्हणून एका बातमीवर वेळापत्रक बदलू नये.

८. फुप्फुसाच्या कर्करोगात चाललं तर स्तनात चालेलच ना?

गृहीत धरू नका. ट्रिपल निगेटिव्ह आजार वेगाने पुढे जातो. शिवाय या आजारात पेम्ब्रोलिझुमॅब एकट्याने फार काही करू शकत नाही: आधी उपचार झालेल्या रुग्णांमध्ये कीनोट-११९ चाचणीत ते एकट्याने केमोपेक्षा सरस ठरलं नाही. कीनोट-३५५ मध्येही सीपीएस १० वरच्या गटात आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ९.७ महिने होता. याचा अर्थ, सहा महिन्यांनंतर डोस लांबवायची वेळ येईपर्यंत बऱ्याच जणींचा आजार आधीच पुढे गेलेला असतो. ज्या उरतात त्या चांगला गुण आलेल्या. लांब अंतराचा प्रश्न प्रामुख्याने त्यांच्यासाठीच आहे, आणि त्यांच्यावरच तो तपासला गेला पाहिजे.

९. साताऱ्याहून दर आठवड्याला जावं लागतं. अंतर वाढवलं तर फेऱ्या वाचतील?

केमो चालू आहे तोवर नाही. पॅक्लिटॅक्सेल बहुधा आठवड्याला असतं. जेमसिटाबिन-कार्बोप्लॅटिन तीन आठवड्यांच्या चक्रात पहिल्या आणि आठव्या दिवशी असतं. ज्या नव्या औषधाची आता पेम्ब्रोलिझुमॅबसोबत चर्चा आहे, त्या सॅसिटुझुमॅब गोविटिकानचंही तसंच. एसटीचा प्रवास खरा वाचतो तो केमो थांबून नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब चालू राहिलं की. तेव्हा २०० वरून ४०० वर, म्हणजे सहा आठवड्यांवर जाता येईल का, हे जरूर विचारा. त्यासाठी कुठल्याही चाचणीची वाट पाहायला नको.

१०. औषध कमी झालं की दुष्परिणामही कमी होणार, बरोबर?

दुर्दैवाने असं सरळ गणित नाही. इपिलिमुमॅब या वेगळ्या इम्युनोथेरपीत मात्रा वाढली की त्रास वाढतो, हे दिसलं आहे. पीडी-१ च्या औषधांत मात्रेचा आणि त्रासाचा संबंध तितका ठळक नाही. प्रतिकारशक्ती एकदा थायरॉइडवर उलटली की पुढचा डोस सहा आठवड्यांनी आहे की बारा, याने तिला फरक पडत नाही. काही त्रास शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही उद्भवतात.

उलट लांब अंतरात एक धोका वाढतो, तो म्हणजे तपासणी राहून जाण्याचा. दर तीन आठवड्यांनी डे केअरमध्ये गेलं की टीएसएच (थायरॉइडची चाचणी), यकृताच्या चाचण्या, साखर आपोआप पाहिली जाते. फेऱ्या कमी झाल्या की हे सुटतं. म्हणून मधल्या तारखा लिहून घ्या आणि रक्त गावातल्या लॅबमध्ये देऊन रिपोर्ट व्हॉट्सॲपवर डॉक्टरांकडे पाठवा. नवा खोकला किंवा धाप, दिवसाला चारपेक्षा जास्त जुलाब, डोळे पिवळे होणं, एकाएकी खूप तहान आणि लघवी, उठवणार नाही असा थकवा, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जवळच्या डॉक्टरांना ‘इम्युनोथेरपी चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. साधे जुलाब समजून घरगुती उपाय करत राहिल्याने दुखणं वाढलेलं फार वेळा पाहायला मिळतं, आणि वेळेवर स्टेरॉइड मिळालं असतं तर ते टळलं असतं.

११. टाटाच्या ‘कमी डोस’च्या अभ्यासाबद्दल वाचलं. ते आणि हे एकच का?

दिशा एक, वाट वेगळी. तिथे भर अंतरावर नव्हता, मात्रा घटवण्यावर होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एकाला तोंडाने घ्यायची स्वस्त औषधंच मिळाली, दुसऱ्याला त्यांच्यासोबत निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीच्या मात्रेच्या हे जेमतेम सहा टक्के. एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. परवडत नाही म्हणून ज्यांना इम्युनोथेरपी मिळतच नव्हती, त्यांच्यासाठी हा फार मोठा निकाल आहे, आणि तो परळमधून आला याचा मला अभिमान वाटतो.

पण तुलना नीट पाहा. २० मिलिग्रॅम पूर्ण डोसइतकंच चालतं, असं तिथे सिद्ध केलेलं नाही. ‘इम्युनोथेरपी काहीच नाही’पेक्षा ते चांगलं, हे सिद्ध झालं. दिल्लीच्या एम्समध्ये सुरुवातीच्या ट्रिपल निगेटिव्ह आजारात पेम्ब्रोलिझुमॅब ५० मिलिग्रॅम, सहा आठवड्यांनी, असे तीन डोस शस्त्रक्रियेआधीच्या केमोला जोडून पाहिले. गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ५४ टक्क्यांच्या आसपास गेलं. तिथेही तुलना नुसत्या केमोशीच होती, आणि आजार पसरलेला नव्हता.

१२. चार डोस झाले, पैसे संपले. डॉक्टरांना न सांगता पुढचा डोस दोन-अडीच महिन्यांनी घेतला तर?

हा प्रश्न विचारताना लोकांना संकोच वाटतो. तो वाटू देऊ नका, कारण हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या घरात नाही. पण न सांगता करू नका. ज्या अंतराची चाचणी चालते ते सहा महिने नियमित उपचार झाल्यावर, गुण आल्यावर आणि नेमाने स्कॅन करत. चौथ्या डोसलाच ओढाताण झाली तर तुम्ही त्या रुग्णांसारखे नसता, आणि डॉक्टर स्कॅन वाचताना चुकीचा निष्कर्ष काढतील.

सांगितलंत तर वाटा निघतात. वजनाप्रमाणे डोस हा एक खरा पर्याय आहे: कॅनडात सरकारी खर्चाने किलोमागे २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २०० पर्यंत, असं देतात. ४५ किलोच्या रुग्णाला मग १०० मिलिग्रॅमची एक कुपी पुरते आणि खर्च निम्म्यावर येतो. हे लागू होईल का, ते डॉक्टर ठरवतील, पण विषय तुम्ही काढा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात कंपनीच्या सवलत योजनेची आणि ट्रस्टच्या मदतीची चौकशी करा. या औषधावरचं मूळ आयात शुल्क एप्रिल २०२३ पासून माफ आहे, त्यामुळे जुन्या दराचं कोटेशन हातात असेल तर नवं मागा. आणि सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत भारतात चालू असलेल्या चाचण्या कोणालाही पाहता येतात.

१३. ताप आला म्हणून डोस दहा दिवस पुढे गेला. नुकसान झालं का?

नाही. प्रश्न ५ मधलं अर्धायुष्य आठवा. आजारपण, लग्नकार्य, रक्ताचा रिपोर्ट खराब, यांमुळे आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होणं नेहमीचं आहे. राहिलेला डोस भरून काढायला दुप्पट औषध घ्यायचं नसतं. पुढची तारीख तिथून मोजतात.

१४. दोन वर्षं पूर्ण झाली, स्कॅन स्वच्छ आहे. आता बंद करायचं की अंतर वाढवून चालू ठेवायचं?

कीनोट-३५५ मध्ये जास्तीत जास्त ३५ डोस, म्हणजे साधारण दोन वर्षं, एवढाच उपचार होता. त्यानंतर औषध थांबवून लक्ष ठेवणं हीच मान्य वाट आहे. ‘बंद करायची भीती वाटते म्हणून तीन महिन्यांनी एक चालू ठेवू’ याला आधार नाही. भीती खरी आहे, पण तिचं उत्तर नियमित तपासणीत आहे.

१५. बहिणीचा आजार पसरलेला नाही. शस्त्रक्रियेआधी हे औषध चालू आहे. तिला अंतर वाढवता येईल?

तिथे हिशेब वेगळा. उपचार बरं करण्यासाठी आहे आणि डोस मोजके: तीन आठवड्यांच्या पद्धतीत शस्त्रक्रियेआधी आठ, नंतर नऊ. यात स्वतःहून काटछाट नको. शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण विरघळलेली आढळली तर नंतरचे नऊ डोस खरंच लागतात का, हे अमेरिकेत ऑप्टिमाइस-पीसीआर या चाचणीत तपासायला घेतलं आहे.

१६. चाचणीत नाव घातलं तर औषध फुकट मिळेल? मधेच बाहेर पडता येतं?

बाहेर कधीही पडता येतं, कारण न देता, आणि पुढच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. भारतात २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. मराठी प्रत मागा, घरी नेऊन वाचा. औषध फुकट असेलच असं मात्र धरू नका. नव्या औषधाच्या चाचणीत ते बहुधा मिळतं. आधीच मान्य औषधाचं अंतर तपासताना काही ठिकाणी खर्च रुग्णाकडेच असतो. स्कॅन कोण देणार, प्रवासभाडं मिळेल का, लांब अंतरावर असताना आजार वाढला तर जुन्या वेळापत्रकावर परत येता येईल का, हे सही करण्याआधी विचारा.

१७. मला संधिवात आहे, रोज स्टेरॉइडची गोळी चालू आहे. लांब अंतर माझ्यासाठी जास्त सुरक्षित नाही का?

तसं म्हणता येत नाही (कारण प्रश्न १० मध्ये). ऱ्हुमॅटॉइड, सोरायसिस, ल्युपस असे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचे आजार असलेल्यांना बहुतेक चाचण्यांतून वगळलं गेलं, तसंच रोज १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांनाही. तुमचा निर्णय ऑन्कॉलॉजिस्ट आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून घ्यायचा आहे, आणि तो डोसमधल्या अंतराआधी औषध द्यायचं की नाही, यापासून सुरू होतो.

१८. आता त्वचेखाली इंजेक्शन निघालंय म्हणतात. ते महिनोन्‌महिने टिकतं का?

नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये मान्य झालेलं त्वचेखालचं पेम्ब्रोलिझुमॅबही तीन किंवा सहा आठवड्यांनीच घ्यायचं असतं. सलाइनचा अर्धा तास वाचून एक-दोन मिनिटांत काम होतं, एवढाच फरक.

१९. लांब अंतरावर असताना स्कॅनमध्ये गाठ थोडी वाढलेली दिसली. हे अंतरामुळे झालं का?

एका रुग्णापुरतं हे कोणालाच सांगता येत नाही. नेहमीच्या वेळापत्रकावरही बऱ्याच जणींचा आजार कधी ना कधी वाढतो. म्हणूनच तर दोन गट करून तुलना करावी लागते. क्वचित गाठीत प्रतिकार-पेशी शिरल्यामुळेही ती मोठी दिसते. तब्येत चांगली असेल तर डॉक्टर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन सांगू शकतात. पण ट्रिपल निगेटिव्ह आजारात वाढ दिसली तर ती बहुधा खरीच असते. अशा वेळी धाप, दुखणं, वजन घटणं सुरू झालं असेल तर दुसऱ्या स्कॅनसाठी थांबू नका. त्याच आठवड्यात भेट मागा, आणि शक्य असेल तर नव्या ठिकाणची बायॉप्सी करून ईआर, पीआर, हर-२ पुन्हा तपासून घ्या, कारण आजार पसरताना त्याचा प्रकारही कधी कधी बदलतो आणि मग उपचाराची सगळी यादीच वेगळी होते.